तापातली आकडी आणि माहेर-सासरचा वाद

वाचकाचे पत्र

"माझी मुलगी तेरा महिन्यांची आहे. चौदाव्या आठवड्याची लस आम्ही गावाला गेल्यामुळे राहिली होती, ती पाचव्या महिन्यात दिली. त्याच संध्याकाळी तिचे अंग कोमट लागले आणि उजवा हात व उजवा पाय झटके देऊ लागले. तालुक्याच्या दवाखान्यात पोहोचून इंजेक्शन मिळेपर्यंत पंचवीस मिनिटे गेली. पाठीतले पाणी काढून तपासले, त्यात काही निघाले नाही. सातव्या महिन्यात न्हाऊ घालताना, ताप नसताना, डावी बाजू उडू लागली आणि दहा-बारा मिनिटे थांबली नाही. पहिल्या वाढदिवसापर्यंत असे सहा वेळा झाले. एमआरआय आणि ईईजी दोन्ही नॉर्मल आहेत. आधी फेनोबार्बिटोन होते, दोन महिन्यांपूर्वी कार्बामाझेपिनचे पातळ औषध सुरू झाले. तेव्हापासून सकाळी उठल्यावर ती मध्येच दचकते आणि हातातले बिस्किट उडून पडते. बाकी ती धरून चालते, आई-बाबा म्हणते.

सासूबाई म्हणतात, हे तुझ्या माहेरचे आहे. कारण माझ्या मामांना मोटारसायकलच्या अपघातानंतर फिट येतात. पण यंदा गणपतीत चुलत सासूबाईंच्या तोंडून निघाले की माझ्या यजमानांना पाचवीत जाईपर्यंत मोठ्या तापात आकडी यायची आणि नणंदेलाही लहानपणी दोनदा आली होती. नणंदेचे लग्न ठरते आहे, म्हणून घरात हा विषय काढायचा नाही. हा आजार आनुवंशिक आहे का? जनुकाची तपासणी करावी का? पुढच्या लसी द्याव्यात का? आणि दुसऱ्या मुलाचा विचार करावा का?"

– एक आई, सातारा जिल्हा

सप्रेम नमस्कार.

तुमच्या चारही प्रश्नांकडे वळण्याआधी तुम्ही न विचारलेल्या एका गोष्टीबद्दल लिहिते, कारण ती सर्वांत तातडीची आहे. कार्बामाझेपिन सुरू झाल्यापासून हातातली वस्तू उडवून लावणारे झटके दिसू लागले, हे वाक्य तुम्ही पत्रात ओघात लिहून गेला आहात. ते तुमच्या डॉक्टरांना याच आठवड्यात, शक्य तर उद्याच, फोन करून याच शब्दांत सांगा. औषध मात्र स्वतःहून बंद करू नका. फिटचे कोणतेही औषध एकाएकी तोडले तर लांबलेली, न थांबणारी आकडी येऊ शकते, आणि तुमच्या मुलीचा पूर्वानुभव पाहता तो धोका पत्करण्यासारखा नाही. औषध बदलायचे झाले तर एक कमी करत दुसरे वाढवत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली बदलले जाते.

असे म्हणण्याचे कारण असे, की तुम्ही दिलेल्या वर्णनावरून बालमेंदूतज्ज्ञाच्या मनात ज्या आजाराची शंका सर्वांत आधी यावी, त्या आजारात नेमके हेच औषध उलटे पडते. त्याचे नाव ड्रॅव्हे सिंड्रोम. मार्सेय येथे काम केलेल्या शार्लोट ड्रॅव्हे या फ्रेंच डॉक्टरांनी १९७८ मध्ये त्याचे पहिले वर्णन केले. साधारण पंधरा ते वीस हजार जन्मांमागे एका बाळाला तो होतो, म्हणजे तो दुर्मीळ आहे; पण इतकाही नाही की जिल्ह्याच्या गावी काम करणाऱ्या बालरोगतज्ज्ञाला आयुष्यात कधी दिसणारच नाही. पत्रावरून निदान करता येत नाही आणि मी ते करत नाही. शंका घ्यायला मात्र पुरेसा आधार आहे, आणि या आजारात योग्य वेळी आलेली शंकाच निम्मे काम करते.

तापात आकडी येणे ही स्वतः फार मोठी गोष्ट नाही. सहा महिने ते पाच वर्षे या वयातल्या शंभरातल्या दोन ते पाच मुलांना ती कधी ना कधी येते. सारे अंग आखडते, डोळे फिरतात, दोन-चार मिनिटांत सारे थांबते, चोवीस तासांत पुन्हा येत नाही आणि शाळेत जाईपर्यंत ते प्रकरण घरचे विसरूनही जातात. तुमच्या मुलीच्या आकड्या या साच्यात बसत नाहीत. पहिली पाचव्या महिन्यात आली. ती पंधरा मिनिटांच्या पलीकडे गेली. ती अंगाच्या एकाच बाजूला होती, आणि पुढच्या वेळी बाजू बदलली. मेंदूत एखादी गाठ किंवा व्रण असेल तर फिट बहुधा त्याच त्या जागेवरून, म्हणून त्याच त्या बाजूला येते. एकदा उजवी, एकदा डावी अशी बाजू बदलत राहिली तर दोष मेंदूतल्या एखाद्या ठिपक्यात नसून सगळीकडे पसरलेल्या कुठल्यातरी मूळ यंत्रणेत असावा, असा अर्थ निघतो. त्यात भर म्हणजे ताप नसतानाही आकड्या येऊ लागल्या.

आणि न्हाणे. पत्रातला हा तपशील तुम्ही लिहिलात हे फार बरे झाले, कारण बहुतेक आयांना तो विचारल्याशिवाय सांगावासा वाटत नाही; त्यांच्या दृष्टीने न्हाऊ घालणे ही आजाराच्या गोष्टीत सांगायची बाब नसतेच. आपल्याकडे बाळाला तेल लावून, पायांवर पालथे घेऊन, बंबातल्या चांगल्या कडक पाण्याचे तांबे पाठीवर ओतायचे आणि मग दुपट्यात गच्च गुंडाळून शेगडीजवळ धुरी द्यायची, अशी रीत आहे. या सगळ्यात बाळाच्या अंगाचे तापमान थोडा वेळ खरोखर वाढते, आणि ड्रॅव्हेच्या बाळाला तेवढी वाढ पुरते, मग ती तापामुळे होवो की पाण्यामुळे. जपानमध्येही गरम पाण्यात बसून स्नान करण्याची रीत आहे. तिथल्या डॉक्टरांनी २००८ मध्ये एक वर्षाच्या आतल्या बाळांसाठी एक गुणपट्टी प्रसिद्ध केली. तीत सात महिन्यांच्या आत सुरुवात, पाच किंवा अधिक आकड्या, एकाच बाजूचे झटके, दहा मिनिटांहून लांबलेली आकडी यांच्या बरोबरीने गरम पाण्याने आलेल्या आकडीलाही गुण आहेत, आणि सहा किंवा अधिक गुण झाल्यास जनुक तपासावे असे सांगितले आहे. तुमच्या पत्रातल्या वर्णनाला तिथे सहाच्या दुपटीहून अधिक गुण पडतात. (दक्षिण कर्नाटकात डोक्यावर कढत पाणी ओतल्याने येणाऱ्या फिटचा एक निराळा प्रकार आहे; तो मुख्यतः मोठ्या मुलांत व प्रौढांत दिसतो, त्याची गल्लत इथे करू नये.)

एमआरआय (मेंदूचे चित्र) आणि ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) नॉर्मल आले म्हणून तुम्हाला दिलासा मिळाला असेल, तर तो मोडताना मला वाईट वाटते. या आजारात पहिल्या वर्षी दोन्ही तपासण्या बहुधा नॉर्मलच असतात. मुलीची वाढही पहिल्या वर्षी वेळेवर असते. ती दुसऱ्या वर्षापासून मंदावू लागते, बोलणे मागे पडते, चाल अस्थिर होते. म्हणून "सगळे रिपोर्ट चांगले आहेत, बाळ खेळते आहे, थोडी वाट पाहू" हा सल्ला, जो इतर बहुतेक बाळांच्या बाबतीत शहाणपणाचा ठरतो, तो या बाळांच्या बाबतीत मोलाचे महिने खातो. निदान लवकर झाल्याने आजार जात नाही; पण चुकीचे औषध टळते, लांबलेल्या आकड्या कमी करता येतात, आणि भाषा व हालचालींसाठीचे उपचार मूल मागे पडण्याची वाट न पाहता सुरू करता येतात.

आता जनुकाबद्दल, कारण घरातला वाद तिथे आहे.

आपल्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर एससीएन१ए नावाचे जनुक असते. मेंदूच्या पेशींच्या आवरणात सोडियमची ये-जा करणारी सूक्ष्म दारे असतात, त्यातल्या एका प्रकारच्या दाराचा नकाशा या जनुकात असतो. मेंदूत काही पेशी चेतवणाऱ्या आणि काही आवरणाऱ्या असतात, आणि ही दारे मुख्यतः आवरणाऱ्या पेशींच्या कामी येतात. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बिघडली की दारे अपुरी पडतात, आवरणाऱ्या पेशी दुबळ्या होतात आणि चेतवणाऱ्या पेशी कासरा सुटलेल्या बैलांसारख्या उधळतात. कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन, फेनिटोइन, लॅमोट्रिजिन ही औषधे सोडियमची दारे बंद करूनच काम करतात. इतर अनेक प्रकारच्या फिटमध्ये ती गुणकारी आहेत आणि तुमच्या डॉक्टरांनी एका बाजूच्या फिटसाठी त्यातले एक निवडले यात वावगे काही नव्हते. फक्त या एका आजारात ती आधीच सैल पडलेला कासरा आणखी सोडतात. याउलट व्हॅल्प्रोएट आणि क्लोबाझॅम ही जुनी, आपल्याकडे सहज मिळणारी औषधे इथे पहिल्या पसंतीची मानली जातात. दोन वर्षांखालच्या बाळाला व्हॅल्प्रोएट देताना यकृताकडे बारीक लक्ष ठेवावे लागते, तेवढे डॉक्टर पाहतील. स्टिरिपेंटॉल हे खास या आजारासाठीचे औषध आहे. त्याशिवाय अमेरिकेत २०१८ मध्ये औषधी कॅनाबिडिओल आणि २०२० मध्ये फेनफ्लुरामाइन या आजारासाठी मंजूर झाले. यातले काय मिळेल, कसे मिळेल आणि परवडेल का, हे निदान पक्के झाल्यावर तज्ज्ञांशी बोलायचे विषय आहेत. इंटरनेटवर "कॅनाबिडिओल" म्हणून विकल्या जाणाऱ्या तेलाच्या बाटल्यांचा याच्याशी संबंध नाही, एवढे आताच सांगून ठेवते.

"आनुवंशिक आहे का?" असे तुम्ही विचारता. मराठीत आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत, जनुकीय आणि आनुवंशिक, आणि आपण ते सर्रास एकाच अर्थाने वापरतो. जनुकीय म्हणजे जनुकातल्या बदलामुळे झालेले. आनुवंशिक म्हणजे आई-वडिलांकडून उतरलेले. बेल्जियममधल्या संशोधकांनी २००१ मध्ये ड्रॅव्हेच्या सात मुलांचे हे जनुक तपासले, तेव्हा सातही मुलांत बदल सापडला आणि तो एकाच्याही आई-वडिलांत नव्हता. गर्भ तयार होताना, बीजांडात किंवा शुक्रजंतूत, नक्कल उतरवताना झालेली ती नवी चूक होती. पुढे शेकडो कुटुंबे तपासली गेल्यावरही चित्र तेच राहिले: ड्रॅव्हेच्या दहातल्या जवळजवळ नऊ मुलांत बदल नव्याने झालेला असतो. अशा घरात माहेर आणि सासर दोघांच्याही वंशावळी कितीही चाळल्या तरी हाती काही लागत नाही.

तुमचे घर मात्र उरलेल्या दहाव्या हिश्श्यात बसण्याची शक्यता आहे, आणि हे मी दोषाचे माप टाकण्यासाठी लिहीत नाही, तर तपासणी कशी वाचायची हे त्यावर अवलंबून आहे म्हणून लिहिते. तापातली आकडी साधारण सहाव्या वर्षापर्यंत थांबते. यजमानांना ती पाचवीपर्यंत, म्हणजे दहाव्या-अकराव्या वर्षापर्यंत येत राहिली. त्यांच्या बहिणीलाही आली. अशी कुटुंबे ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी १९९७ मध्ये वर्णिली: एकाच घराण्यात कोणाला लहानपणी एक-दोनदा तापात आकडी, कोणाला ती वय उलटले तरी, कोणाला पुढे बिनतापाच्या फिट, आणि क्वचित एखाद्या मुलाला गंभीर आजार. या कुटुंबांपैकी काहींत तेच एससीएन१ए जनुक बदललेले सापडते. बदल तोच असून वडिलांना नुसत्या तापातल्या आकड्या आणि मुलीला अवघड आजार असे का व्हावे, याचे एक उत्तर बाकीच्या जनुकांच्या साथीत आहे, आणि दुसरे असे की कधी कधी वडिलांच्या शरीरातल्या काही पेशींतच तो बदल असतो, तर मूल मात्र तो प्रत्येक पेशीत घेऊन जन्मते. मामांच्या फिटचे कारण डोक्याला लागलेला मार आहे. तो मुद्दा या वादातून काढून टाका. त्याचा तुमच्या मुलीशी संबंध जोडता येत नाही.

मूल मुलगी आहे म्हणून आणखी एका जनुकाचे नाव लिहिते, पीसीडीएच१९. ते एक्स गुणसूत्रावर असते, आणि त्यातल्या बदलामुळे मुलींना तापात एका दिवसात अनेक आकड्यांचे झुपकेच्या झुपके येतात. वरवर पाहता ते ड्रॅव्हेसारखे वाटते. त्यातली विलक्षण गोष्ट अशी, की तो बदल असलेल्या पुरुषाला बहुधा काहीच होत नाही, पण तो त्याच्या प्रत्येक मुलीकडे जातो. जन्मात कधी फिट न आलेल्या निरोगी वडिलांकडून मुलीला फिटचा आजार! "आमच्या घराण्यात कोणाला काही नाही" हे वाक्य जनुकांच्या बाबतीत किती अपुरे ठरते, हे दाखवायला मला याहून चांगले उदाहरण माहीत नाही. तुमच्या मुलीला येतात त्या लांबलेल्या, एकेकट्या आकड्या एससीएन१एकडेच अधिक बोट दाखवतात. पण तपासणी मागवताना दोन्ही जनुके एकाच पॅनेलमध्ये, म्हणजे अनेक जनुकांच्या एकत्रित तपासणीत, असावीत.

तर तपासणी करावी का? माझ्या मते करावी, आणि लवकर करावी. बाळाचे दोन-तीन मिलिलिटर रक्त जांभळ्या झाकणाच्या नळीत घेतात. शक्य असेल तर त्याच दिवशी तुमचे आणि यजमानांचेही द्या, कारण तिघांचे अहवाल शेजारी ठेवले की बदल नवा की उतरलेला हे लगेच कळते. फिटच्या जनुकांचे पॅनेल किंवा एक्झोम (सगळ्याच जनुकांचा प्रथिने घडवणारा भाग वाचणारी तपासणी), दोन्ही चालतात. खर्च हजारांत जातो आणि अहवालाला काही आठवडे लागतात, म्हणून त्याची वाट पाहत औषधाचा निर्णय लांबवू नये. वर्णन पुरेसे बोलके असेल तर तज्ज्ञ अहवालाआधीच औषध बदलतात. अहवाल हाती आल्यावर त्यात "अनिश्चित अर्थाचा बदल" असा शेरा दिसला तर त्याला हो किंवा नाही समजू नका. आपणा सर्वांच्या जनुकांत असे निरुपद्रवी फरक पुष्कळ असतात. तोच बदल यजमानांत आणि नणंदेतही सापडतो का, हे पाहिल्यावर त्या शेऱ्याला अर्थ येतो. आणि अहवाल निर्दोष आला तरी आजार नाही असे ठरत नाही: जनुकाचा एखादा तुकडाच गळालेला असेल तर तो साध्या वाचनातून निसटू शकतो व त्यासाठी एमएलपीए नावाची वेगळी तपासणी लागते, शिवाय ड्रॅव्हेच्या काही मुलांत एससीएन१ए चांगलेच असते. निदान शेवटी मुलीच्या वर्णनावर उभे राहते, जनुक त्याला दुजोरा देते. अहवाल जनुकतज्ज्ञाकडून, समोर बसून, समजून घ्या. मोबाइलवर आलेली पीडीएफ रात्री अकराला एकटीने वाचू नका.

लसीबद्दल. पहिली आकडी लसीच्या दिवशी आली, त्यामुळे दोन्ही गोष्टींची सांगड मनात बसणे स्वाभाविक आहे. जगभरात अनेक पालकांची आणि डॉक्टरांचीही ती बसली होती. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००६ मध्ये अशा चौदा रुग्णांची जनुके तपासली, ज्यांच्या मेंदूला लसीमुळे इजा झाली असे मानले गेले होते. चौदांपैकी अकरा जणांत एससीएन१एमध्ये बदल सापडला. लसीनंतरचा हलका ताप हे निमित्त होते, आजार जन्मापासून होता. आणि लस दिली नसती तर पुढच्या सर्दीपडशाच्या तापाने किंवा न्हाण्याने तेच केले असते. पहिली आकडी लसीनंतर आली की अन्य वेळी, यावरून पुढच्या वाढीत फरक पडत नाही, हेही २०१० मधल्या अभ्यासात दिसले. गोवर-रुबेलाची लस नवव्या महिन्यातली; पत्रात तिचा उल्लेख नाही, त्यामुळे ती राहिली असावी असे मी धरते. प्रत्यक्ष गोवराचा ताप तीन-चार दिवस १०३-१०४ अंशांवर राहतो, आणि या बाळासाठी तो लसीच्या तापापेक्षा कितीतरी वाईट. लस द्या, मात्र डॉक्टरांना आधी सांगून, तापाचे औषध केव्हा व किती द्यायचे ते लिहून घेऊन, आणि आकडी थांबवण्याचे औषध घरात असताना. गोवराच्या लसीचा ताप त्याच दिवशी न येता आठवडा-दीड आठवड्याने येतो, तेवढे दिवस लक्ष असू द्या.

ते आकडी थांबवण्याचे औषध म्हणजे नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही आणि मला ती मोठी उणीव वाटते. तालुक्याचा दवाखाना गाठायला लागलेली पंचवीस मिनिटे पुन्हा लागू नयेत म्हणून तो हवा. मुलीच्या वजनाप्रमाणे किती फवारे, हे डॉक्टरांकडून चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहून घ्या, चिठ्ठी बाटलीला चिकटवा, आणि बाटली नेमकी कुठे असते हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असू द्या. आकडी सुरू होताच घड्याळ पाहायचे, मुलीला कुशीवर वळवायचे, तोंडात बोट, चमचा, पाणी काहीही घालायचे नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही. सामान्य नियम पाच मिनिटांनंतर फवारा मारण्याचा आहे. आकड्या लांबण्याचा इतिहास असलेल्या बाळासाठी काही तज्ज्ञ आणखी लवकर मारायला सांगतात, ते विचारून ठेवा. फवाऱ्यानंतरही थांबली नाही तर १०८ला फोन. न्हाण्याचे पाणी आपल्या कोपराला जेमतेम कोमट लागेल इतकेच, आणि धुरी-शेगडी बंद.

दुसऱ्या मुलाचा प्रश्न आजच सोडवू नका. त्याचे उत्तर पहिल्या मुलीच्या अहवालात आहे. बदल नव्याने झालेला असेल तर पुढच्या बाळाला तो असण्याची शक्यता कमी असते, पण शून्य नसते, कारण आई किंवा वडिलांच्या काही बीजपेशींत तो लपलेला असू शकतो. यजमानांच्या सर्व पेशींत असेल तर प्रत्येक गर्भात तो उतरण्याची शक्यता निम्मी. मात्र उतरला तरी ते मूल मुलीसारखे आजारी असेल की वडिलांसारखे पाचवीनंतर ठणठणीत, हे आधी सांगता येत नाही. नेमका बदल माहीत असेल तरच गरोदरपणी अकराव्या आठवड्याच्या सुमारास वारेचा तुकडा किंवा सोळाव्याच्या सुमारास गर्भजल घेऊन तपासता येते. ही तपासणी नोंदणीकृत केंद्रातच होते. घराण्यातला जनुकीय आजार हे कायद्याने मान्य केलेले कारण आहे, आणि लिंग सांगितले जात नाही. म्हणून दिवस जाण्याआधी अहवाल हाती असावा.

नणंदेच्या लग्नाबद्दल तुम्ही थेट विचारलेले नाही, पण घरातल्या मौनाचे कारण ते आहे. लहानपणी दोनदा तापात आकडी येऊन गेलेली तरुणी आजारी नव्हे. पूर्वी हिंदू विवाह कायद्यात वारंवार फेफरे येणे ही लग्नाला आडकाठी होती. ती १९९९ मध्ये काढून टाकली गेली. कोणाला काय सांगायचे हा सर्वस्वी तिचा निर्णय आहे. तिला स्वतःला मात्र भाचीचे निदान कळायलाच हवे, कारण उद्या तिच्या बाळाला पाचव्या महिन्यात लांबलेली आकडी आली तर कोणत्या जनुकाचे नाव घ्यायचे आणि कोणते औषध टाळायचे, हे तिला पहिल्याच दिवशी डॉक्टरांना सांगता येईल.

तज्ज्ञांकडे जाताना काय न्यायचे ते सांगते. सकाळच्या झटक्यांचे मोबाइलवर चित्रण करा. बिस्किट किंवा वाटी हातात असताना, मुलीचे दोन्ही हात आणि चेहरा एकाच चौकटीत येईल असे. झटका अर्ध्या सेकंदाचा असतो, त्यामुळे पाच-सात मिनिटे सलग घ्यावे लागेल. खिडकीच्या गजांतून येणाऱ्या कवडशांनी, किंवा एसटीतून जाताना झाडांच्या आडून लुकलुकणाऱ्या उन्हाने झटके वाढतात का, पाहा. प्रत्येक आकडीची तारीख, बाजू, मिनिटे, ताप किती होता, आधी न्हाणे, लस किंवा प्रवास झाला होता का, हे एका कागदावर मांडा. सातारा तुमचा जिल्हा असल्याने पुण्यातल्या बालमेंदूतज्ज्ञाकडे जाणे सोयीचे पडेल. वाढीच्या तपासणीसाठी आणि स्पीच व फिजिओथेरपीसाठी जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात आताच नाव नोंदवा, मुलगी वेळेवर चालत-बोलत असली तरी.

आणि सासूबाईंना बरोबर न्या. तज्ज्ञ तीन पिढ्यांचा वंशवृक्ष काढतात, पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, फिट आलेली व्यक्ती काळी भरलेली. "घराण्यात कोणाला फिट येते का?" या प्रश्नाला आपल्याकडे "नाही" हेच उत्तर मिळते. "तापात कोणाची दातखिळी बसायची? कोणी डोळे पांढरे करायचे? कोणाला बाहेरचे झाले म्हणून अंगारा लावला होता?" असे विचारले की म्हातारी माणसे बोलू लागतात, आणि तेही बहुधा खोलीतून बाहेर पडता पडता, दार अर्धे उघडे असताना. यजमानांना त्यांच्या आकड्या आठवणार नाहीत. पहिली किती महिन्यांची असताना आली, किती वेळ चालली, कुठल्या बाजूला आली, शेवटची कोणत्या तापात, हे त्यांच्या आईलाच आठवत असेल. तिने तेव्हा त्याला पदरात घेऊन धावपळ केलेली असणार. जाण्याआधी एखाद्या दुपारी त्यांना एवढेच विचारा, "तेव्हा तुम्ही काय केले होते?", आणि जे सांगतील ते त्याच कागदावर लिहून घ्या.